जीर्णोद्धार कीं नवी खरेदी?

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती दुरुस्त करावी कीं टाकून देऊन नवी घ्यावी, हा प्रश्न गृहस्थाश्रमाइतकाच जुना आहे. आमच्या लहानपणीं त्याचें उत्तर ठरलेलें असे. पितळेच्या पातेल्यास कल्हई होई, छत्रीच्या काड्या बदलत, पाट्यास टांकी लावीत आणि फाटलेल्या लुगड्यांची गोधडी होई. धड वस्तु टाकून देणें हा अपव्यय, आणि म्हणून थोडासा अधर्मच, मानला जाई. आजच्या पिढीचें उत्तर याच्या अगदीं उलट आहे. दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या निम्म्या किंमतीवर गेली तर नवी घ्यावी, असा हिशेब मुलें तोंडानें करून दाखवितात. आणि तो सर्वस्वीं चुकीचा आहे असेंहि म्हणतां येत नाहीं.

परंतु या दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, जी वस्तु बिघडली तीच आपणांस हवी आहे. पातेलें बिघडलें तर आपणांस पातेलेंच हवें असतें. तें जुनें असो वा नवें. आतां आपल्या घरांत एक अशी वस्तु येऊन बसली आहे कीं तिला हें गृहीत मुळींच लागू पडत नाहीं. ती वस्तु म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क. गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांत अशी एक डिस्क बिघडली व तिचें काय करावें याचा निर्णय करण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आमच्याकडे आलें. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें तें शब्दरूपें व धातुरूपें शिकविण्यांत. तथापि त्या निमित्तानें जें वाचलें, जाणत्यांस विचारलें व शेवटीं ठरविलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण जिच्यांत कुटुंबाची पुंजी सांठविली आहे अशी एखादी डिस्क नाहीं असें सुशिक्षित घर आतां विरळा.

प्रथम ही वस्तु आहे तरी काय तें पाहूं. हार्ड डिस्क म्हणजे एका बंद डबींत बसविलेल्या एक किंवा अनेक तबकड्या. या तबकड्या अल्युमिनियमच्या अथवा कांचेच्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. आपण लिहिलेलें पत्र, काढलेलें छायाचित्र, नोंदविलेला आवाज, हें सर्व त्या लेपांतील सूक्ष्म चुंबकांच्या दिशांच्या रूपानें सांठविलेलें असतें. घरगुती संगणकांतील तबकडी मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास ९० किंवा १२०. तिच्यावरील मजकूर वाचणारा जो भाग, ज्याला हेड म्हणतात, तो ग्रामोफोनच्या सुईप्रमाणें तबकडीवर टेंकत नाहीं. अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावरून तो तरंगत असतो. मनुष्याच्या केंसाची जाडी सुमारें ऐशीं हजार ते एक लक्ष नॅनोमीटर असते, हें सांगितलें म्हणजे त्या अंतराची कल्पना येईल. धुळीचा एक कण तेथें डोंगरासारखा. अशा जातीचें पहिलें यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं बाहेर काढलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि एवढ्या अवजड कारखान्यांत मावत होतीं तीं अक्षरें फक्त ५० लक्ष. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें एक लक्ष कोटि बाइट मावतात. इतकें मोठें भांडार इतक्या लहान डबींत, आणि तें अहोरात्र फिरत्या चाकावर! मनुष्यानें आपली स्मृति एवढ्या चंचल आसनावर पूर्वीं कधीं ठेविली नसेल.

ज्या यंत्रांत फिरणारा भाग आहे तें केव्हां तरी थांबणार हें उघड आहे. बॅकब्लेझ नांवाची अमेरिकेंतील एक कंपनी लोकांचा मजकूर सांभाळण्याचा व्यवसाय करिते व आपल्याकडील डिस्कांच्या आयुष्याचे आंकडे २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्याकडे दर शंभरांतील एक ते दोन डिस्का वर्षास निकामी होतात असें त्यावरून दिसतें. हा आंकडा लहान वाटतो. परंतु ज्याच्या घरीं एकच डिस्क आहे त्याला शंभरांची सरासरी उपयोगी नाहीं. त्याची गेली म्हणजे सगळीच गेली.

ही गोष्ट कांहीं वेळां पूर्वसूचना देऊन घडते. फाईल उघडावयास विलंब लागतो, संगणक मध्येंच अडखळतो, डबींतून टकटक असा आवाज येऊं लागतो. शिवाय डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या व्यवस्थेस स्मार्ट असें नांव आहे. तबकडीचा पृष्ठभाग सेक्टर नांवाच्या बारीक वाफ्यांत विभागलेला असतो. एखादा वाफा नासला तर डिस्क त्याच्याऐवजीं राखून ठेवलेला दुसरा वाफा वापरूं लागते, आणि तशी नोंद करिते. एखादा वाफा वाचतांच आला नाहीं तर तो संशयित म्हणून वेगळा नोंदविते. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २००७ सालीं एक लक्षाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणींत पहिला दोष आढळल्यानंतर साठ दिवसांच्या आंत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असें त्यांस आढळलें. परंतु त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक शिकण्यासारखी आहे. जितक्या डिस्का निकामी झाल्या त्यांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५६ वर, अशा होत्या कीं त्यांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि आधीं दाखविलें नव्हतें. लक्षण दिसलें तर धोका निश्चित. न दिसलें तर निर्भयता मात्र निश्चित नव्हे.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. आमचे धाकटे बंधु २०२२ सालीं वारले. त्यांनीं २००९ च्या श्रावणांत आमच्या मातोश्रींस समोर बसवून त्यांच्या तोंडून वारांच्या कहाण्या, मंगळागौरीचीं गाणीं आणि आमच्या घराण्यांतील कुळाचाराचा क्रम, असें सर्व चौदा बैठकींत ध्वनिमुद्रित करून ठेविलें होतें. मातोश्री २०१२ सालीं गेल्या. बंधूंचा स्वभाव मोठा व्यवस्थित. त्यांनीं या मुद्रणांच्या दोन प्रती सीडीवरहि केल्या होत्या. परंतु घरीं लिहितां येणाऱ्या सीडीमध्यें मजकूर ज्या रंगद्रव्यांत उमटतो तें कालांतरानें नासतें, आणि आतां त्या दोन्ही सीडी कोणतेंहि यंत्र वाचीना. राहिली ती त्यांच्या संगणकांतील डिस्क. गेल्या आषाढांत, श्रावण तोंडावर आला म्हणून, भावजयीनें त्यांतील एक कहाणी ऐकावयास लाविली, तों आवाज मध्येंच तुटूं लागला आणि थोड्या वेळानें संगणक निश्चल झाला. तिनें शहाणपणा केला तो हा कीं, पुन्हां पुन्हां प्रयत्न न करितां संगणक बंद केला आणि आम्हांस निरोप धाडला.

बातमी पसरतांच सल्लागार गोळा झाले. बाजारांतील एका कारागिरानें डिस्क पाहून सांगितलें, "मास्तर, दीड हजारांत अगदीं नव्यासारखी करून देतों." आमच्या भाच्याचें म्हणणें निराळें. तो म्हणाला, "मामा, अकरा वर्षांच्या डिस्कवर एक पैसाहि घालूं नका, पांच-सहा हजारांत दुप्पट मोठी नवी येईल." शेजारच्या एका हितचिंतकांनीं ती पिशवींत घालून रात्रभर शीतपेटींत ठेवावी असा उपाय सुचविला, ऐकीव गोष्टींत याची फार ख्याति आहे. आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेनें दूरध्वनीवर कळविलें कीं, डबी उघडून मजकूर काढावा लागल्यास अठ्ठावीस हजार रुपये पडतील, व कांहींच न निघाल्यास आकार पडणार नाहीं.

शीतपेटीचा उपाय आम्हीं प्रथम बाद केला. थंड वस्तु बाहेर काढली कीं तिच्यावर दंव धरतें हें चौथीच्या मुलासहि ठाऊक आहे. आणि केंसाच्या लक्षांश अंतरावर जेथें हेड तरंगतें तेथें पाण्याचा थेंब म्हणजे प्रळयच. कारागिराच्या दुरुस्तीचा अर्थ काय तें मात्र आम्हीं भाच्याकडून नीट समजावून घेतलें, आणि तो समजल्यावर अंगावर कांटा आला. संशयित वाफा डिस्क केव्हां सोडून देते? त्याच्यावर नवें कांहीं लिहूं गेल्यावर. म्हणून दुरुस्त करणारा संपूर्ण डिस्कवर शून्यें लिहून काढतो. तसें केलें म्हणजे नासलेले वाफे बाजूस पडतात, राखीव वाफे त्यांची जागा घेतात, आणि डिस्क कांहीं काळ खरोखरच नव्यासारखी चालते. कारागीर खोटें बोलत नव्हता. पातेलें लखलखीत करून देण्याचें वचन तो पाळणार होता. त्यांत शिजत असलेला पदार्थ सांडून देऊन!

भाच्याच्या सल्ल्यांतहि तोच दोष होता, फक्त दुसऱ्या बाजूनें. नवी डिस्क दुप्पट मोठी खरी, पण ती कोरी. मुदतीच्या आंत बिघडलेली डिस्क कंपनी बदलून देते, तिचाहि अर्थ इतकाच कीं कोरी डबी हातीं येते आणि बिघडलेली कंपनीकडे जाते. एक जण पात्र वांचवूं पाहत होता व दुसरा पात्र बदलूं पाहत होता. पदार्थाकडे दोघांचेंहि लक्ष नव्हतें. म्हणून दुरुस्त करावी कीं बदलावी, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटूं लागला. त्याच्या आधीं दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे: यांत जें आहे त्याची दुसरी प्रत कोठें आहे काय?

ज्यांचा संस्कृत ग्रंथांशीं थोडाबहुत संबंध आला आहे त्यांस हा प्रश्न नवा नाहीं. ताडपत्र व कागद हींहि क्षर पात्रेंच. कसर, वाळवी, ओल आणि अग्नि यांपासून एकहि पोथी कायमची सुटलेली नाहीं; ग्रंथ वांचले ते पोथी टिकली म्हणून नव्हे, तर ती जीर्ण होण्यापूर्वीं तिची दुसरी प्रत कोणी केली म्हणून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें व १९६६ सालीं तें पुरें केलें. त्यासाठीं सुमारें साडेबाराशें हस्तलिखितें ताडून पाहिलीं. एकींत जें गळालें तें दुसरींत सांपडलें, एकींत जें घुसडलें तें दुसरीनें उघडें पाडलें. याच्या उलट कौटिल्याच्या अर्थशास्त्राची कथा. शतकानुशतकें हा ग्रंथ केवळ नांवानें ठाऊक होता. १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयांत एका पंडितानें आणून दिलेल्या हस्तलिखितांत तो शामशास्त्री यांस आढळला, आणि १९०९ सालीं त्यांनीं तो छापून प्रसिद्ध केला. तीं पानें वाटेंत एखाद्या पुरांत वाहून गेलीं असतीं, तर आपण काय गमावलें हें कदाचित् आपणांस कित्येक वर्षें कळलेंहि नसतें. आपल्या घरांतील ज्या डिस्कची दुसरी प्रत नाहीं, ती त्या पंडिताच्या गांठोड्याच्या जागीं आहे.

मग आम्हीं, भावजय व भाचा असे तिघे बसून, त्या डिस्कमध्यें काय काय होतें याची यादी केली. चित्रपट होते, ते पुन्हां मिळण्यासारखे. लग्नामुंजींचीं छायाचित्रें होतीं. त्यांतील बहुतेक नातलगांकडे होतींच. जुने हिशेब होते. त्यांचा काळ संपलेला. असें एकेक वजा करीत गेलों तों शेवटीं जगांत अन्यत्र कोठेंहि नाहींत अशा चौदा फाइली उरल्या. त्या सर्व मिळून एक टेराबाइटचा हजारावा भागहि भरत नव्हत्या. ही वजाबाकी प्रत्येक गृहस्थानें डिस्क चांगली असतांनाच एकदां करून पहावी अशी आमची विनंति आहे. आपण समजतों कीं आपलें भांडार अफाट आहे व त्याची प्रत करणें हें मोठें खर्चाचें काम आहे. परंतु खरी पुंजी बहुधा मुठींत मावण्याएवढी असते.

भाच्याची चूक एवढीच होती कीं त्यानें प्रश्न अपुरा ऐकला होता. चौदा फाइली म्हणजे काय हें कळल्यावर तोच पुढें झाला. प्रथम त्यानें जोडणीची तार बदलून पाहिली. कारण कधीं कधीं दोष डिस्कमध्यें नसतोच, तो तारेंत अथवा वीजपुरवठ्यांत असतो, आणि दुरुस्ती या शब्दास जर कोठें खरा अर्थ असेल तर तो तेथें आहे. परंतु आमच्या डिस्कचे आंकडे निराळेंच सांगत होते. संशयित वाफे शेंकड्यांनीं होते. तेव्हां त्यानें नवी डिस्क आणून तिच्यावर जुनीची प्रतिमा उतरविण्यास आरंभ केला. यासाठीं त्यानें डीडीरेस्क्यू नांवाची एक विनामूल्य योजना वापरली. तिची रीत आमच्या मास्तरी मनास फार आवडली. परीक्षेस बसणाऱ्या मुलांस आम्ही सांगत असूं कीं, सोपे प्रश्न आधीं सोडवा, अवघड प्रश्नाशीं अडून बसूं नका, त्यावर खूण करून पुढें जा आणि वेळ उरल्यास मागें या. ही योजना अक्षरशः तसेंच करिते. जो भाग सहज वाचतां येतो तो आधीं उतरवून घेते, जेथें अडखळते तो भाग टिपून ठेवून पुढें सरकते, आणि शेवटीं त्या टिपलेल्या जागांकडे वळते. आजारी डिस्कचे श्वास मोजके असतात. ते अवघड जागेशीं झुंजण्यांत आरंभींच खर्च झाले, तर सोपेंहि हातचें जातें. या कामांत जुन्या डिस्कवर एक अक्षरहि लिहावयाचें नसतें, केवळ वाचावयाचें. चार दिवस व चार रात्री हें चाललें होतें. चौदांपैकीं अकरा मुद्रणें निर्दोष उतरलीं. तीन राहिलीं, आणि त्या सुमारास डबींतून टकटक ऐकूं येऊं लागली. भाच्यानें तत्काळ वीज बंद केली. येथून पुढें घरचा उपाय संपला.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. अठ्ठावीस हजार रुपये खर्चून प्रयोगशाळेचें दार ठोठवावें काय? पेन्शनीच्या गृहस्थास ही रक्कम लहान नव्हे. राहिलेल्या तिन्ही मुद्रणांत कहाण्या होत्या, आणि वारांच्या कहाण्या कोणत्याहि धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत अल्प किंमतीस छापील मिळतात. मातोश्रींच्या माहेरचा पाठ छापील पाठाहून जागोजाग वेगळा होता हें खरें, आणि पाठभेदाचें मोल आम्हांस कळत नाहीं असें नाहीं. तरीपण केवळ पाठभेदासाठीं एवढा खर्च करावा काय, अशी शंका आम्हीं बोलून दाखविली. भावजय आजवर आमच्या निर्णयापुढें फारसें बोललेली नाहीं. ती म्हणाली, "दादा, कहाणी पुस्तकांत मिळेल. पण पुस्तकांत हुंकार नाहीं."

वाचकांपैकीं ज्यांचें बालपण आजीच्या अथवा आईच्या कहाण्यांत गेलें आहे त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. कहाणी सांगणाऱ्यास हुंकार द्यावा लागतो. ऐकणारा हूं म्हणाल्यावांचून सांगणारा पुढें जात नाहीं. २००९ च्या त्या श्रावणांत मातोश्रींसमोर आमचे बंधु एकटेच बसले होते. प्रत्येक वाक्यामागून जो हुंकार होता तो त्यांचा होता. आम्ही तीं मुद्रणें आईचा आवाज म्हणून मोजीत होतों. भावजय त्यांत दुसराहि आवाज ऐकत होती. यापुढें हिशेबाचें काम उरलें नाहीं. खर्चाचे तीन वांटे केले; एक आमचा, एक भावजयीचा व एक भाच्याच्या आईचा, म्हणजे आमच्या भगिनीचा.

प्रयोगशाळा म्हणजे काय करिते तेंहि थोडक्यांत सांगतों. जेथें हवेंतील धूळ गाळून काढलेली असते अशा बंदिस्त खोलींत डबी उघडतात, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कमधील हेडें काढून बिघडलेलींत बसवितात, आणि त्या उसन्या हेडांनीं जेवढें वाचतां येईल तेवढें वाचून घेतात. घरीं पेंचकस घेऊन हें करूं जाणें म्हणजे उघड्या माजघरांत डोळ्याची शस्त्रक्रिया करणें होय. त्याच जातीच्या डिस्कची विद्युत्पट्टी काढून लावावी, असाहि एक उपाय पुष्कळ जण सांगतात. परंतु अलीकडच्या डिस्कांत प्रत्येक पट्टीवर त्या त्या डिस्कपुरतीं विशिष्ट मापें नोंदलेलीं असतात, त्यामुळें नुसती पट्टी बदलून चालत नाहीं. आणि लक्षांत ठेवण्याची मुख्य गोष्ट ही कीं, ही दुरुस्ती डिस्क पुन्हां वापरण्यासाठीं नसतेच. मजकूर एकदां बाहेर यावा, एवढ्यापुरतेंच तिला जागें करावयाचें असतें.

तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. तीन मुद्रणांपैकीं दोन संपूर्ण निघालीं. तिसरें, शुक्रवारच्या कहाणीचें, निघालें तें मध्यें सात मिनिटें गळून. तबकडीवरचा तेवढा लेपच खरवडला गेला होता. तेथें कोणाचाहि इलाज नव्हता. भाच्यानें सुचविलें कीं, आईंचा पाठ भगिनीस मुखोद्गत आहे, तिच्याकडून तेवढा भाग म्हणवून घेऊन मध्यें जोडावा. आम्हीं तसें करूं दिलें नाहीं. भांडारकर संस्थेच्या महाभारतांत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें त्याखालीं नागमोडी रेघ दिली आहे. संपादकांनीं आपली शंका झांकलेली नाहीं. जेथें गळालें तेथें गळालें असें दिसलें पाहिजे. भगिनीचा पाठ आम्हीं स्वतंत्र मुद्रित करून शेजारीं ठेविला आहे, आणि त्या सात मिनिटांच्या जागीं शांतता राहूं दिली आहे. त्यानंतर मातोश्रींचा आवाज पुन्हां सुरू होतो, आणि हुंकारहि.

या सर्व अनुभवाचें सार व्यवहारी वाचकांसाठीं एकत्र करितों. डिस्कमधील मजकुराची दुसरी, उघडून पाहिलेली प्रत हातीं असेल, तर पहिलें लक्षण दिसतांच डिस्क बदलावी. तिच्या दुरुस्तीवर वेळ व पैसा घालवूं नये. प्रत नसेल, पण डिस्क अजून वाचतां येत असेल, तर तिच्यावरील नित्याचें काम त्याच घटकेस थांबवावें, प्रत उतरवून घ्यावी आणि मग ती बदलावी. प्रत नसेल आणि डिस्क टकटक करीत असेल किंवा संगणकास दिसतच नसेल, तर वीज बंद करून, आंतील मजकूर खर्चास योग्य आहे काय एवढाच विचार करावा. असेल तर जाणत्या प्रयोगशाळेकडे द्यावी. नसेल तर मनाची समजूत घालून सोडून द्यावी. तिन्ही मार्गांच्या शेवटीं जुनी डिस्क बदलावीच लागते. फरक पडतो तो ती बदलण्यापूर्वीं काय करावें यांत.

नवी घेतांना एस. एस. डी. घ्यावी काय, असें पुष्कळ जण विचारतात. तिच्यांत फिरणारा भाग नाहीं, ती जलद चालते आणि धक्का सोसते. नित्याच्या संगणकास ती उत्तमच. परंतु ती पुष्कळदां सूचना न देतां एकाएकीं मूक होते, आणि तिच्यांतून पुसलेलें परत मिळविणें अधिक कठीण. शिवाय ती विजेवांचून वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिली तर तिच्यांतील विद्युद्भार झिरपूं शकतो. सारांश, अमर पात्र कोणतेंच नाहीं. म्हणून पीटर क्रॉग या छायाचित्रकारानें लोकप्रिय केलेला नियम आम्हीं स्वीकारला आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. आमच्याकडील एक, भावजयीकडील एक व भगिनीकडील एक, अशा त्या आतां तीन घरीं नांदत आहेत. जुन्या डिस्कमध्यें बँकेचे कागद होते. म्हणून प्रयोगशाळेकडून परत आल्यावर तिच्या तबकड्या फोडून मग ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दिली. अशा कचऱ्यासंबंधींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशांत लागू आहेत, आणि ती केराच्या टोपलींत टाकणें योग्य नव्हे.

एक गोष्ट मात्र नियमांत नाहीं, ती आमच्या परंपरेंतून घ्यावी लागली. वेदपाठकांनीं संहितेवर पदपाठ, क्रम, जटा, घन असे पाठ रचून एकच मंत्र अनेक प्रकारांनीं म्हणण्याची योजना केली. एका पाठांत चूक शिरली तर दुसऱ्या पाठाशीं ती जुळत नाहीं. परंतु या योजनेचा प्राण आहे तो नित्य म्हणण्यांत. कपाटांत ठेवलेली प्रत ही प्रत आहे असें आपण समजतों. ती खरोखर आहे कीं नाहीं हें ती उघडल्यावांचून कळत नाहीं. बंधूंच्या त्या दोन सीडी तशाच मूकपणें गेल्या. म्हणून आम्हीं एक दिवस नेमून ठेविला आहे. मातोश्रींच्या श्राद्धतिथीस तिन्ही घरीं ती ती प्रत उघडावयाची, चौदाहि मुद्रणें चालतात कीं नाहीं हें पहावयाचें, आणि त्यांतील एक तरी कहाणी आरंभापासून शेवटपर्यंत मुलांसह बसून ऐकावयाची. कोणा घरची प्रत अडखळली, तर दुसऱ्या घरीं जाऊन त्याच आठवड्यांत नवी करून आणावयाची.